गाळलेल्या जागा

हत्ती रात्रीच येऊन गेला होता. चंदगडच्या पश्चिमेला, जंगलाला लागून असलेल्या एका शेताच्या बांधावर सकाळी पाच-सहा माणसं उभी होती. ऊस लोळवलेला, केळी मुळासकट उपटलेल्या, चिखलात परातीएवढी पावलं. मालक बराच वेळ बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "आयलाऽऽ!" त्यात हळहळ होती आणि थोडं कौतुकही होतं. मग पंचनामा आठवला, तसा सूर बदलला. "आयला, आता फॉरेस्टवाले कवा यायचे?" शेजारचा तंबाखू मळता मळता "आयला" म्हणाला, ते नुसतं सांत्वन. हत्तीला मात्र कुणी शिवी घातली नाही. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिलारी खोऱ्यात उतरले, तेव्हापासून इकडची पिकं त्यांच्या पायाखाली येताहेत. तरी गणपतीला शिवी कशी घालायची?

शाळेत केवलप्रयोगी अव्ययं शिकवताना 'अरेरे', 'शाबास', 'छी' एवढ्यावर भागवलं होतं. 'आयला' तसं अव्यय नव्हेच, ती द्वितीया. आईला. काय आईला? ते सांगायचं नसतं. 'च्यायला'त तर 'तिच्या'चं नुसतं शेपूट उरलंय. कर्ता नाही, क्रियापद नाही, आणि ऐकणाऱ्याचं कुठं अडत नाही. ठेच लागली की 'आई गं', साप दिसला की 'बाप रे', दोघांनाही मानाचं संबोधन. चिडल्यावर मात्र बाप सुटतो आणि 'ला' आईच्या वाट्याला येतो.

ते क्रियापद एके काळी होतं. परळच्या शिलालेखात आहे. शके 1108, म्हणजे सन 1187. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा राजा अपरादित्य दान देतो, त्याचा मजकूर संस्कृतात. कोण, कुणाला, काय देतोय, सगळं देवभाषेत. पण हे शासन पुढं कुणी मोडलं तर काय, ही ओळ आली आणि लेख मराठीत शिरला. दान कुणाला कळो न कळो, दम सगळ्यांना कळला पाहिजे! मोडणाऱ्यावर सहकुटुंब वैद्यनाथाचा कोप होवो, आणि त्याच्या आईचं गाढवाकडून काय व्हावं तेही स्पष्ट. 'जो' आणि 'तो' यांचं रीतसर मिश्र वाक्य, काहीही न गाळलेलं. दस्तऐवजातलं हे दंडाचं कलमच म्हणा. असल्या दगडांना गद्धेगाळ म्हणतात, गाळ म्हणजे शिवी. कोकणात, गोव्यात ते देवळाच्या आवारात, गवतात, बांधावर सापडतात. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान टिकावं. खाली गाढव आणि बाई, वाचता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी. मला त्या राजांची जरा दयाच येते. राज्य हाताशी, सैन्य हाताशी, पण आपल्या मागून येणाऱ्यावर काडीचा भरवसा नाही. उरली फक्त शिवी. आणि काही गावांत आज त्याच दगडाला शेंदूर फासून नारळ फोडतात.

राजानं दगडात कोरवलेलं ते क्रियापद मला इथं लिहिता येत नाही. चारचौघांत उच्चारलं आणि कुणाला त्रास झाला, तर जुन्या दंड संहितेचं 294 कलम होतं, 2024 पासून न्याय संहितेचं 296 आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद.

तिलारी घाट उतरून दोडामार्गाकडं गेलं की 'आयचा घो' भेटतो. घो म्हणजे नवरा. आईचा नवरा, म्हणजे आपलाच बाप. इतकं निर्मळ नातं सांगूनही तो शिवीच ठरतो, आणि 2010 साली महेश मांजरेकरांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या सिनेमाच्या नावावर आक्षेप घेतले जातात. शिवी अर्थात नसते, दातांत असते.

बायकांच्या शिव्यांचं व्याकरण निराळं, आणि मला तेच जास्त आवडतं. आमच्या आजीनं भांडणात कुणाची आई ओढल्याचं आठवत नाही. तिचा सगळा कारभार भूतकाळात. 'मुडदा बशिवला तुझा.' 'पटकी आली तुला.' पटकीची साथ कधीच सरली, तिच्या तोंडात मात्र शेवटपर्यंत चालू होती. व्हायचं ते होऊन गेलेलंच आहे, अशा थाटात ती बोलायची. समोर नाचणीची भाकरी हाणत बसलेल्या धडधाकट नातवालाही ती मेल्याच म्हणे.

"मेल्या, अजून एक घे की."

आणि मेला घ्यायचा.