एका प्रतीचा छापखाना

स्वतंत्रपणे बोर्डगेम रचणाऱ्यांसाठी मागणीनुसार छपाई करून द्यायची म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं. पुस्तकाची एकच प्रत छापून देणारे धंदे आता जुने झाले; पीडीएफ पाठवली की प्रत घरी येते. मग खेळाचं असं काय वेगळं? पुण्यात ही सेवा उभी करताना मला पटत गेलं की फरक मुळातच आहे. पुस्तक म्हणजे एका कडेला चिकटवलेला कागदाचा गठ्ठा. खेळाच्या डब्यात पत्ते असतात, घडीचा पट असतो, जाड पुठ्ठ्याच्या चकत्या, सोंगट्या, फासे, नियमपुस्तिका आणि शिवाय तो डबा. प्रत्येकाचा कागद निराळा, कापायची रीत निराळी, बहुतेक वेळा माल देणाराही निराळा. मशीनचा क्लिक, म्हणजे दर छापामागचं शुल्क, आणि कागद हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग हातांचा: कापणं, पंचिंग, क्रीझिंग, लावणं, मोजणं, डब्यात भरणं. त्यामुळे अशा सेवेने काय छापायचं याआधी काय छापायचं नाही हे ठरवावं, असं माझं मत झालं आहे. आकार, कागद आणि डबे यांची यादी आखूड ठेवली, तरच खेळातले आकडे, मजकूर आणि नियम हवे तितक्या वेळा बदलणं परवडतं. आणि खेळ रचणाऱ्याला छापखान्याकडून खरोखर हवं असतं ते हेच.

हे आकड्यांतच सांगितलेलं बरं. नेहमीचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटर. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारी जादा छपाई, धरलं की ६९ बाय ९४. डिजिटल मशीनचं शीट १२ बाय १८ इंच, म्हणजे साधारण ३०५ बाय ४५७ मिलिमीटर. त्यावर ६ पत्त्यांच्या ३ ओळी, असे १८ पत्ते बसतात आणि मशीनला पकडायला कडाही उरते. आता रचनाकाराला वाटतं, चित्र जरा मोठं दिसू दे, पत्ता ७० बाय ९५ करू. दोन्हीकडे ७ मिलिमीटर वाढले, दिसायला काहीच नाही. पण ब्लीडसकट तो ७६ बाय १०१ होतो आणि त्याच शीटवर १८ऐवजी १२च मावतात. ५४ पत्त्यांचा संच ३ शीटांवरून ५ शीटांवर जातो. कागदाचं हे नुकसान त्यातल्या त्यात किरकोळ. कटिंगची मापं पुन्हा लावावी लागतात, गोल कोपऱ्यांसाठी गठ्ठा नव्याने बसवावा लागतो, डबा बदलतो, बाजारात तयार मिळणारी प्लॅस्टिकची पाकिटं चालेनाशी होतात. हजार प्रतींवर हा वेळ वाटला जातो. एका प्रतीवर तो सगळाच्या सगळा पडतो. तीच गोष्ट ५५व्या पत्त्याची. त्या एका पत्त्यासाठी चौथं शीट लागतं आणि त्यावरच्या १७ जागा रिकाम्या जातात. त्या जागी दुसऱ्या ग्राहकाचे पत्ते बसवावेत असा हिशेबी सल्ला कोणीही देईल. कागद वाचतो, हे खरं. पण मग दोन खेळ हाताने वेगळे करावे लागतात, आणि चुकून एक पत्ता इकडचा तिकडे गेला की दोन्ही डबे वाया. पुस्तकाचं एक पान फिकट आलं तरी वाचक चालवून घेतो. एक पत्ता नसलेला खेळ खेळताच येत नाही.

पत्त्याची पाठ हा तर स्वतंत्र विषय आहे. समोरची आणि मागची छपाई एकमेकींवर तंतोतंत बसत नाही. मिलिमीटरभर तरी रजिस्टर हलतं. पाठीवर बारीक चौकट असेल तर एका पत्त्याची डावी कड जाड आणि दुसऱ्याची बारीक दिसते. पुस्तकात ही फक्त कुरूपता ठरली असती, पण इथे पाठीवरूनच पत्ता ओळखता येतो आणि डाव फुटतो. म्हणून बारीक चौकट असलेली पाठ आम्ही घेत नाही. कडेपर्यंत भरलेली नक्षी असली की थोडा हललेला छाप डोळ्याला कळत नाही. पुढच्या खेपेला ‘बदललेली सहाच पानं छापून द्या’ अशी मागणी येते, तेव्हाही हीच अडचण. आजच्या छपाईची छटा महिन्यापूर्वीच्या छटेशी जुळेलच असं नाही, आणि नवी सहा पानं गठ्ठ्यात उठून दिसतात. यावर उपाय दोनच. पूर्ण संच पुन्हा छापायचा, नाहीतर मागून अपारदर्शक असलेल्या पाकिटांत पत्ते घालून खेळायचं. दुसरा उपाय आम्ही स्वतःहून सुचवतो, आमची विक्री कमी होत असली तरी. कारण तो आकार ठरलेला असल्यामुळेच शक्य होतो.

बदलाला मी इतकं महत्त्व का देतो, याचा सर्वांत बोलका पुरावा ‘मोनोपॉली’चा आहे. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी ‘द लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट १९०४मध्ये घेतलं. पार्कर ब्रदर्सने ‘मोनोपॉली’ बाजारात आणला १९३५मध्ये. मधली तीन दशकं तो खेळ बराचसा हाताने काढलेल्या पटांवर जगला. लोक मेणकापडावर घरं आखत, आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घालत, नियमांत भर टाकत. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी घातलेली तिथली नावंच शेवटी छापली गेली; मूळ ‘मार्व्हन गार्डन्स’चं नक्कल करताना झालेलं ‘मार्व्हिन’ही तसंच राहिलं. मॅगीबाईंच्या वाट्याला श्रेय आणि पैसा किती कमी आला, ही वेगळी आणि कडू गोष्ट. इथे मुद्दा असा की एकेक प्रत करण्याच्या त्या पद्धतीत चौकोनी पट आणि कडेची घरं जवळपास कायम राहिली, आणि खेळ सुधारत गेला तो घरांमधल्या मजकुरात. तेव्हा पाच हजार प्रती आधीच छापून गोदामात पडल्या असत्या, तर ही फेरफाराची मुभा कोणी घेतली नसती.

यावर पहिला आक्षेप कलावंताचा असतो, आणि तो रास्त आहे: माप तुम्ही ठरवलंत तर कल्पनाशक्तीचं काय? त्याला उत्तर दाखल्यांनीच द्यावं लागेल. सेइजी कानाई या जपानी रचनाकाराचा ‘लव्ह लेटर’ २०१२मध्ये आला, त्यात मुळात १६च पत्ते होते. अमेरिकेतली बटन शाय ही छोटी प्रकाशनसंस्था १८ पत्त्यांचे, पाकिटात मावणारे खेळ काढते. ‘स्प्रॉलोपोलिस’ हा त्यातला बराच गाजलेला. जेम्स अर्नेस्ट यांनी १९९६मध्ये चीपॅस गेम्स सुरू केलं तेव्हा फासे, सोंगट्या, खोट्या नोटा दिल्याच नाहीत. त्या सगळ्यांकडे दुसऱ्या खेळांतल्या असतातच, मग त्यांचे पैसे पुन्हा कशाला घ्यायचे, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघा. १० रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०, पान गोल. संख्या आणि आकार ठरलेला. चित्रकाराची करामत मत्स्य आणि वराह कसे रंगवतो यात. आखूड यादी देणं हा काही आमचा शोधही नव्हे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात २००९मध्ये सुरू झालेल्या द गेम क्राफ्टर या सेवेने ठरीव मापांचे पत्ते, पट, डबे आणि प्रत्येकाचे साचे असाच मार्ग धरला. खानावळीत ताट ठरलेलं असतं म्हणूनच एकट्या माणसालाही परवडणाऱ्या दरात गरम जेवण मिळतं.

दुसरा आक्षेप किमतीचा. एक प्रत महाग पडते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ऑफसेटवर प्लेटा, मशीन लावणं आणि सुरुवातीला फुकट जाणारी शीटं हा खर्च एकदाच होतो, म्हणून हजाराव्या प्रतीला तो जाणवत नाही. डिजिटलवर पहिली आणि शंभरावी प्रत जवळपास सारख्याच भावाची. अमेरिकेत वितरक छापील किमतीच्या साधारण ४० टक्क्यांना माल उचलतो, त्यामुळे निर्मितीचा खर्च छापील किमतीच्या पाचव्या हिश्श्यात बसवावा असा प्रकाशकांचा ठोकताळा आहे. एकेक छापलेली प्रत त्यात कधीच बसणार नाही. तेव्हा या प्रती दुकानात ठेवून नफा कमवा, असं रचनाकाराला सांगणं म्हणजे त्याची दिशाभूल. ‘स्क्रॅबल’चं उदाहरण याबाबतीत उपयोगी आहे. आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकाराने तो तिशीच्या दशकात रचला आणि जेम्स ब्रुनो यांनी १९४८मध्ये उत्पादन हाती घेतलं. १९४९मध्ये घरगुती पद्धतीने सुमारे २,४०० संच तयार करून त्यांना ४५० डॉलरचा तोटा झाला. मोठी मागणी आली १९५२नंतर. लहान प्रमाणावर केलेला खेळ बाजारभावाने विकला तर तोटा होतो, हे यातून दिसतंच. पण त्या संचांनी खेळ तोवर लोकांच्या हातात ठेवला, हेही दिसतं. आमच्या प्रतीची किंमत चाचणीचा खर्च म्हणून धरावी. ती विकून चार पैसे आले तर उत्तम.

मग घरच्या प्रिंटरवर छापून पाकिटांत का घालू नये? जरूर घालावं. पहिल्या काही आवृत्त्यांना त्याहून जास्त खर्च करणं हा मूर्खपणा आहे, आणि तसं आम्ही सांगतोही. छापील प्रतीची वेळ येते ती रचनाकार स्वतः टेबलाशी नसताना अनोळखी लोकांनी खेळ उघडायचा असतो तेव्हा. वाईट खेळांचा पूर येईल ही भीती मला फारशी पटत नाही. हजार प्रतींची अट खेळाचा दर्जा तपासत नाही, खिसा तपासते. चीनमध्ये स्वस्तात होतं, असंही सुचवलं जातं. पण तिथले कारखाने बहुधा किमान पाचशे-हजार प्रतींशिवाय हात लावत नाहीत. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा अनेक लहान प्रकाशकांचा माल तिकडेच अडकला. भारतातली अडचण वेगळी आहे. १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. ज्याच्या चार प्रती निघणार त्या खेळाची चाचणी करून परवाना घेणं कोणालाच परवडणार नाही. म्हणून लहान मुलांचे खेळ आमच्या यादीत नाहीत. याचं वाईट वाटतं, कारण मराठीत रचले जाणारे पुष्कळ खेळ शाळेतल्या मुलांसाठीच असतात.

शेवटचा आक्षेप धंदा जाणणाऱ्यांचा: ज्याचा खेळ चालेल तो ऑफसेटकडे जाणार, तुमच्याकडे उरणार ते न चालणारे. पहिला भाग खरा आहे. मागणी काही शेकड्यांच्या पुढे गेली की आम्हीच ग्राहकाला ऑफसेटवाल्याकडे पाठवतो. पण न चाललेल्या खेळाचा रचनाकार पुढच्या खेळासाठी पुन्हा येतो, आणि चाललेल्याचाही दुसरा खेळ कच्चाच असतो. जाणाऱ्याच्या फाइली ६३ बाय ८८च्याच असल्यामुळे ऑफसेटवर चढवताना चित्रं नव्याने आखावी लागत नाहीत. पत्ते छापणारे कारखाने ५४ पत्त्यांचा गठ्ठा हेच एकक धरून चालतात, आणि आमच्या १८च्या तीन शीटांचा बरोबर तेवढाच होतो. डब्याचं माप मात्र बऱ्याचदा बदलतं. तिथे ऑफसेटवाल्याची यादी वेगळी असते, आणि तीही आखूडच.