बंद आघात

पंधरा वर्षांनी आम्ही बेस गिटार पुन्हा हाती घेतली, ती जॅझकडे झुकणारा फंक शिकण्यासाठी. 'टॉवर ऑफ पॉवर' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९७३ सालच्या 'व्हॉट इज हिप?' या गाण्यातला रॉको प्रेस्टिया यांचा बेस आम्ही सध्या गिरवीत आहोत. चार मात्रांचे सोळा भाग त्यात अखंड धावतात. परंतु डाव्या हाताची बोटे तारेवर नुसती टेकलेली असल्याने कित्येक आघातांतून स्वर उमटतच नाही, केवळ ठोका उरतो. तबल्याचे बंद बोल ऐकलेल्यास हे परके वाटू नये. आमचा उजवा हात आता दोन मिनिटांत भरून येतो. जुनी चपळाई परतेल असे वाटत नाही. मात्र स्वर कुठे उमटू द्यायचा नाही, हे डाव्या हाताला हळूहळू कळू लागले आहे. तेवढ्यासाठी आम्ही रोज बसतो.