शिध्यातून आलेली पुरी

मॉरिशसमध्ये काही विकत घ्यायला निघताना आधी हातातल्या नोटा नीट पाहाव्यात. २५ रुपयांच्या नोटेवर चिनी वंशाचे जाँ आ-चुएन आहेत, ५० वर फ्रेंच वंशाचे मोरिस पातुरो, १०० वर तमिळ वंशाचे रंगनादेन सिनिवासेन, २०० वर मुस्लिम समाजाचे नेते अब्दुल रझाक मोहम्मद, ५०० वर हिंदू समाजाचे नेते सुखदेव बिसुनदयाळ, १००० वर क्रिओल समाजाचे गायताँ दुवाल आणि २००० वर स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश आपल्या पाकिटात प्रत्येक समाजाला जागा राखून ठेवतो. ही जागा किती नाजूकपणे राखावी लागते, तेही याच नोटांनी दाखवलं आहे. १९९८ साली नव्या नोटा निघाल्या, तेव्हा तमिळ मजकुराच्या आधी हिंदी मजकूर छापला गेला. तमिळ समाजानं कडाडून आक्षेप घेतला आणि त्या नोटा परत घ्याव्या लागल्या.

अशा मोजून-मापून छापलेल्या नोटा घेऊन मी पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात जाऊ लागलो, आणि तिथे मात्र मोजमापाचा मागमूस नव्हता. एकाच गाळ्यावर थाइमच्या काड्या आणि कोथिंबीर एकत्र बांधून एक जुडी केलेली. थाइम फ्रेंच स्वयंपाकातला, कोथिंबीर आपली. इथल्या गृहिणीला दोन्ही एकाच पातेल्यात हवी असतात, म्हणून जुडीच तशी बांधतात. शेजारी कढीपत्ता, त्याला म्हणायचं ‘कारीपुले’. कोथिंबिरीला ‘कोतोमिली’. कान लावला की दोन्ही नावांत तमिळ ऐकू येतं. शेवग्याचा पाला, अळू, कारली, दोडके, भेंडी, चिनी कोबी, छोटे पण विलक्षण गोड अननस. भाजीवाल्या बायका गिऱ्हाइकाशी क्रिओलमध्ये बोलतात. ही भाषा मळ्यांवर, गुलामगिरीच्या काळात घडली; आज बिहारी, तमिळ, मराठी, चिनी अशा सगळ्यांच्या घरात तीच बोलली जाते.

मला बाजारात रेंगाळायला नेहमीच आवडतं. देवळात किंवा वस्तुसंग्रहालयात माणसं आपलं ठरवून ठेवलेलं रूप दाखवतात. भाजी घेताना कुणी काही दाखवायला उभं नसतं. संध्याकाळी घरी काय शिजणार आहे, एवढीच चिंता असते. पोर्ट लुईत ती चिंता ऐकत उभं राहिलं, की एक गोष्ट हळूहळू उलगडते: इथे कुठल्याच घरचं पातेलं शुद्ध एका वंशाचं राहिलेलं नाही. टोमॅटोची ‘रुगाय’ फ्रेंच घरातही होते आणि भोजपुरी घरातही. ‘विंदाय’ म्हणजे माशाला मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर लावून मुरवलेला प्रकार. गोव्याच्या विंदालूशी त्याचं गोत्र जुळतं, कारण दोघांच्या मुळाशी पोर्तुगीज खलाशांचा तोच व्हिनेगर-लसणातला टिकाऊ पदार्थ आहे. पण मिरची-मसाल्याचा विंदालू खाणाऱ्या गोवेकराला विंदायमधली मोहरी नवीनच वाटेल. नाश्त्याला फ्रेंच पद्धतीचा लांबट पाव उभा चिरून, लोणी लावून, त्यात गरम डाळवडे भरतात. त्या वड्यांना ‘गातो पिमाँ’ म्हणतात. दुपारच्या उन्हात ‘आलुदा’ हवा: थंड दूध, सरबत, सब्जा आणि अगर-अगरचे धागे. फालुद्याचीच ही शाखा, पण गुणानं वेगळी, जास्त पातळ, तहान भागवणारी.

आणि मग डाळपुरी.

तिच्यासाठी जेवणाच्या वेळी गाडीपुढे रांग लागते. बँकेतला टायवाला, शाळेचा गणवेश घातलेल्या मुली, हिजाब घेतलेली तरुणी, बंदरावरचा हमाल, चिनी दुकानदार, सगळे एकामागे एक. पुरी म्हटली तरी ती तळलेली नसते. पिवळी डाळ शिजवून, पाणी पूर्ण निथळून, भुकटीसारखी मोकळी वाटायची. हळद-जिरं घालून ती मैद्याच्या उंड्यात भरायची आणि अगदी पातळ लाटून तव्यावर तेलाच्या हातानं भाजायची. पुरणपोळी करणाऱ्या कुणालाही ही कृती एका नजरेत कळेल. फक्त इथे गूळ नाही आणि पुरण ओलं नाही. विकताना ती जोडीनंच देतात. दोन पुऱ्या एकावर एक पसरायच्या, त्यावर डबल बीची आमटी, रुगाय, हिरवी चटणी, लोणचं, आणि मग विक्रेता मान वर करून एकच प्रश्न विचारतो, ‘पिमाँ?’ म्हणजे मिरची घालू का. होकार मिळाला की कागदात गुंडाळी होते. उभ्या उभ्या, कोपरापर्यंत ओघळ येऊ न देता ती खाणं हे इथलं लहानपणापासूनचं कौशल्य.

उत्तर प्रदेश-बिहारच्या भोजपुरी मुलखात डाळपुरी हा सणावाराचा, लग्नाकार्याचा मान. तिथून ती इथे कशी आली, हे समजून घ्यायला बाजारातून बाहेर पडून बंदराच्या दिशेनं थोडं चालावं लागतं. तिथे अप्रवासी घाट आहे. २००६ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. हे बेट मुळात निर्मनुष्य होतं. डच १५९८ मध्ये आले आणि १७१० मध्ये कायमचे निघून गेले. मग फ्रेंचांनी वसाहत केली, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण ऊस उभाच होता. तो तोडायला हिंदुस्थानातून करारानं माणसं आणायची, हा प्रयोग १८३४ मध्येच सुरू झाला होता. पुढच्या काही दशकांत जवळजवळ पाच लाख माणसं या घाटावर उतरली. आज त्याच्या सोळा दगडी पायऱ्या उभ्या आहेत, आणि काही खोल्यांचे अवशेष. त्यांत स्वयंपाकघरही आहे. बोटीतून उतरलेल्यांचं पहिलं जेवण तिथे शिजे. मग नोंद, क्रमांक आणि मळ्याकडे रवानगी.

करारात महिना पाच रुपये मजुरी, पाच वर्षांची मुदत आणि शिधा लिहिलेला असे: तांदूळ, डाळ, थोडं तेल किंवा तूप, मीठ. एक दिवस कामावर आलं नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. पोटाला काय मिळणार हेसुद्धा ज्याच्या वतीनं दुसऱ्यानं कागदावर लिहून ठेवलं आहे, अशा माणसाच्या हातात उरतं काय? उरते ती चूल. तीच डाळ रोज खाताना एखाद्या दिवशी ती निथळून, वाटून, कणकेत भरून सण करायचा, हे मात्र करारात कुणी लिहिलेलं नव्हतं. मला डाळपुरीच्या गाडीपुढे उभं राहून हेच पुन्हा पुन्हा जाणवत राहिलं. ज्यांना देशानं मोजून शिधा दिला, त्यांनी त्या शिध्यातून देशाला त्याचा सगळ्यांत लाडका पदार्थ दिला.

खरेदीचाही असाच एक इतिहास आहे. सुरुवातीला मजुराला मळ्याच्या दुकानातून माल घ्यावा लागे आणि मजुरीतला बराच भाग तिथेच जिरे. पुढे गावोगाव चिनी दुकानं निघाली, बहुतेक हाक्का आणि कँटनी माणसांची. पत्र्याच्या छपराखालचं दुकान, मागच्या खोलीत दुकानदाराचं कुटुंब. तिथे तांदूळ, खारे मासे, रॉकेल, सुईदोरा सगळं मिळे, आणि मुख्य म्हणजे उधार मिळे. प्रत्येक घराची एक वही असे, तिला ‘कार्ने’ म्हणत. उसाचा हंगाम आला, मजुरी हातात पडली की वही चुकती करायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लिहायला सुरुवात. चिनी दुकानदार भोजपुरी शिकला, गिऱ्हाईक त्याच्याकडून सोयासॉस वापरायला शिकलं. आज कुठल्याही जातीधर्माच्या घरात शेवया परततात तेव्हा त्यात ती वही असते. सुपरमार्केटांनी ही दुकानं मागे सारली, तरी काही अजून चालू आहेत. पोर्ट लुईच्या चिनी वस्तीत, जुन्या जुम्मा मशिदीपासून हाकेच्या अंतरावर, मी अशाच एका दुकानातून ब्वा शेरीचा व्हॅनिलाचा चहा घेतला. दुकानदारानं पुडा कागदात बांधताना चहात दूध भरपूर घाला असं बजावलं. इथे चहा तसाच पितात.

भाजीबाजारातल्या एका वृद्ध बाईंशी माझी ओळख वाढली. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘तांतिन’ म्हणू लागलो. मी मुंबईकडचा हे कळल्यावर त्यांनी आपण मराठी असल्याचं सांगितलं, अर्थात क्रिओल आणि हिंदीच्या मिश्रणातून. त्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत, पण आरत्या पाठ आहेत. मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांमध्ये रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातली पुष्कळ माणसं होती. त्यांच्या वंशजांनी गणपती जपला. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. मी तांतिनना विचारलं, गणपतीला काय करता? मोदक, म्हणाल्या. आणि सात भाज्या केळीच्या पानावर. सात भाज्यांचं ते पान इथल्या सगळ्याच हिंदू घरांतल्या मंगलकार्याला असतं आणि त्यावर शेजारचे ख्रिस्ती नि मुसलमानही बसतात.

भारतातून गेलेला प्रवासी अशा वेळी हळवा होतो. बघा, आपलं किती टिकून राहिलं, असं त्याच्या ओठांवर येतं. मला मात्र तांतिनच्या मोदकांइतकीच त्यांच्या आमटीतल्या थाइमची काडी मोलाची वाटली. मोदक त्यांना वारशानं मिळाले. थाइमची काडी त्यांनी इथे राहून, शेजाऱ्याच्या चुलीकडे पाहून, स्वतः मिळवली. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी दूर गेलेल्यांनी आपल्यासारखंच राहावं ही अपेक्षा त्यांच्या कष्टांवर अन्याय करणारी आहे. त्यांनी दुसरा देश उभा केला, आणि त्या देशाची चव त्यांची आहे.

हे सगळं सुरेल आहे असा समज करून घेणंही बरोबर नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘काया’ या क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटावर दंगली उसळल्या. क्रिओल समाजात, म्हणजे गुलामांच्या वंशजांमध्ये, साठलेली उपेक्षेची भावना रस्त्यावर आली. डाळपुरी सगळे खात होते, तरी नोकऱ्या, जमीन आणि मान सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नव्हता. एका गाडीवर खाल्ल्यानं माणसं समान होत नाहीत. पण ज्या समाजांनी एकमेकांचं अन्न तोंडात घेतलेलं असतं, त्यांना भांडणानंतर परतायला निदान एक जागा असते. दुसऱ्याच्या घरचं पाणीही चालत नाही अशा समाजापाशी तीही नसते. आपल्या देशात आपण ही दुसरी अवस्था पिढ्यान्‌पिढ्या जगलो आहोत, म्हणून मला पोर्ट लुईची रांग साधी वाटली नाही. जहाजावर चढताना जातीची पंगत मोडली, ती पुढे पूर्वीसारखी बसलीच नाही.

बेटाच्या उत्तरेला बो प्लाँ इथे, बंद पडलेल्या साखर कारखान्यात साखरेचं संग्रहालय आहे. तिथे शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला ठेवलेल्या असतात: सोनेरी, तपकिरी, जवळजवळ काळी मस्कोवाडो, जिला काकवीचा वास येतो. ती मी विकत घेतली. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोड पाहिलेल्या माणसाला तिथल्या भिंतींवरची चित्रं परकी वाटत नाहीत. कोयता, मोळी, डोईवरचं ओझं, मुलं बांधावर. आपल्याकडे अजूनही बीडकडची कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन निघतात, हंगामभर कोप्यांमध्ये राहतात आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधली जातात. तोडीच्या पहाटे त्या कोप्यांत तीन दगडांच्या चुलीवर काय शिजतं, ते साखर खाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी चाखलं आहे?

मॉरिशसनं आपल्या ऊसतोड्यांच्या घाटाला जागतिक वारसा केलं, २ नोव्हेंबरला, पहिले करारबद्ध मजूर उतरले त्या दिवशी, राष्ट्रीय सुट्टी दिली, आणि त्यांच्या सणाचा पदार्थ साऱ्या देशानं दुपारच्या जेवणात घेतला. यातली तिसरी गोष्ट कुठल्या सरकारनं केली नाही. लोकांनी खिशातले पैसे देऊन, भूक लागली म्हणून केली. राबणाऱ्याचं अन्न आपल्या ताटात घेण्याइतका समाज मोठा झाला, तरच त्यानं राबणाऱ्याला आपलं मानलं असं म्हणता येईल. मला हा निकष आपल्या घराला लावून पाहायचा आहे, आणि त्यासाठी कुठल्याही विमानात बसायची गरज नाही.