हालु म्हणजे दूध

मन्नाएखेळ्ळी,
जून 2025

प्रिय सखे,

तुझं पाकीट पोचलं. आत तुझं चार ओळींचं पत्र, आणि तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं जाडजूड रंगीत माहितीपत्रक! चार ओळींबद्दल तुझ्याशी भांडण आहे, ते भेटशील तेव्हा भांडू. माहितीपत्रक मात्र मी दुपारी ओसरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सप्टेंबरात नातू बालवर्गात जाणार म्हणून तुला झोप लागत नाही म्हणतेस. अगं, तुला? बालवाडीच्या पहिल्या दिवशी जिनं खांबाला अशी मिठी मारली होती की बाईंनी शेवटी खांबाभोवतीच चटया टाकल्या आणि वर्ग तिथं भरवला, ती तू! तुला लाह्या देऊन खांबापासून सोडवलं होतं. नातवाला जाताना खिशात लाह्या दे, रक्ताचा गुण आहे तो.

आमच्याकडेही तीच धांदल. माझ्या नातीला, छकुलीला, तीन पूर्ण झाली आणि तिला अंगणवाडीत घातली. मेच्या शेवटी इकडच्या शाळा उघडल्या. तुमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागतात तेव्हा आमच्याकडे दारावर आंब्याची तोरणं चढतात. शाला प्रारंभोत्सव म्हणतात त्याला. नवी पुस्तकं, गोडाचं जेवण, पहिलीच्या पोरांना गुलाबाचं फूल. एका पोरानं ते फूल हातात पडताच खाऊन टाकलं आणि दुसरं मागितलं. गावात तेवढ्याच दिवसांत पेरणीची गडबड, तुरीची, मुगाची, सोयाबीनची. त्यामुळे मुलांना शाळेत सोडायला आज्ज्याच आज्ज्या. दारात उभ्या राहून सगळ्याजणी एकच विचारत होत्या, रडलं का गं तुमचं?

माझ्या नणंदेच्या नातवाचं ऐक. पोरगा डिसेंबर 2019 चा. पहिलीला बसवायचं तर 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, असा आदेश कर्नाटकात 2022 ला निघाला होता आणि तो यंदापासून लागू व्हायचा होता. एप्रिलमध्ये सरकारनं यंदापुरती सूट दिली, बालवर्ग झालेला असेल तर साडेपाचाला महिनाभर कमी असला तरी चालेल म्हणून. नणंदेनं पेढे वाटले. मी पेढा घेतला, पण मनातून मला ते पटलं नाही, आणि तिला तसं बोललेही. त्याची बोटं अजून पेन्सिलीभोवती नीट वळत नाहीत, दुपारी दोनला मान टाकून झोपतो. एक वर्ष घरात मातीत खेळला असता तर काय बिघडत होतं? वर्षभर पुढं गेल्यानं कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. नणंद दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेंगांची चटणी घेऊन आली, म्हणजे मिटलं.

छकुलीला अंगणवाडीत घालायचं सहज ठरलं असं समजू नकोस. आमच्या चिरंजीवांच्या मनात इंग्रजी नर्सरी होती. तिला घेऊन गेले एका ठिकाणी. तिथं त्या तीन वर्षांच्या जिवाला टेबलासमोर उभं केलं आणि रंगांची नावं विचारली, इंग्रजीत. मग सुनेला विचारलं, तुमचं शिक्षण किती? सून घरी आली ती डोळे पुसतच. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानं शाळेत घेताना मुलांना आणि आईबापांना अशी चाळणी लावायला बंदी केली आहे. पण बंदी कागदावर, आणि पोर टेबलासमोर. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरला नाही. छकुलीला विचारलं, काय म्हणाल्या गं तिथल्या बाई? तर म्हणाली, ‘त्यांना रंग माहीत नाहीत, मला विचारत होत्या.’

मग मी पदर खोचला. तुला सांगते, तुझ्या त्या माहितीपत्रकात जे लिहिलंय ना, मुलाला आपलं नाव सांगता यावं, चपला घालता याव्यात, शू लागली तर सांगता यावं, ते सगळं आम्ही मे महिनाभर केलं, कुठल्याही कागदावाचून. डब्याचं झाकण सगळ्यांत अवघड निघालं. स्टीलचा घट्ट डबा, छकुली तो पोटाशी धरायची, दात-ओठ खायची, झाकण निघायचं ते पोहे अंगावर घेऊनच. आठ दिवसांनी मी बाजारातून दुसरा डबा आणला, सैल झाकणाचा. मूल झाकणाला पुरं पडत नसेल तर झाकण बदलावं. चड्डीला नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं. आणि रोज संध्याकाळी शाळा-शाळा. शेळी विद्यार्थिनी, मी विद्यार्थिनी, छकुली बाई. शेळीला तिनं इतक्यांदा बस म्हणून दटावलं की एकदा शेळी खरंच बसली, तर बाई स्वतःच घाबरून माझ्या मांडीवर.

एका गोष्टीची तयारी मात्र आमच्याकडून राहिली, आणि तीच मोठी होती. घरात आपली मराठी. अंगणवाडीत कानडी.

भालकी-औरादकडे मराठी शाळा अजून आहेत, इकडे हमरस्त्याच्या गावात कानडीच. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही कानडी येत नव्हती, पण मी एकवीस वर्षांची होते, हातवारे करून मीठ-मिरची आणत होते. तीन वर्षांच्या मुलीनं काय करावं? दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. सरकारकडून मुलांना दूध मिळतं, क्षीरभाग्य म्हणतात, 2013 पासून आहे. दुधाची पावडर मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात ढवळतात, मग स्टीलच्या पेल्यांतून दीडशे मिली प्रत्येकाला. आया पेला घेऊन छकुलीसमोर आली आणि म्हणाली, ‘हालु.’ छकुली बसल्या जागी दगड. आया पुन्हा म्हणाली, हालु, हालु कुडी. ही श्वास रोखून ताठ. डोळे तेवढे पाण्यानं भरलेले. तिला वाटलं, हालू नको म्हणतायत! हालु म्हणजे दूध, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी दारातून पाहत होते. सगळ्या पोरांचं दूध पिऊन झालं, मिशा पुसून झाल्या, आणि माझी छकुली आपल्या पेल्यासमोर न हालता बसलेली. किती आज्ञाधारक पोर गं! माझ्या घशात आवंढा आला. आत जाऊन पेला तिच्या ओठाला लावला आणि कानात म्हटलं, हालु म्हणजे दूध, बाळा. तिनं एका दमात संपवला.

त्या रात्री सून, मी आणि चिरंजीव, तिघांनी बसून शब्द काढले. अक्षरं नाही, अंक नाही. जे न आले तर मूल अडून बसेल तेवढेच. पाण्याला नीरु. जेवणाला ऊटा. बस म्हणजे कुंद्रु, ये म्हणजे बा. पाहिजेला बेकु, नकोला बेडा. आणि सगळ्यांत निकडीचा शब्द कोणता निघाला सांग? ओंदक्के. ओंदु म्हणजे एक, म्हणून ओंदक्के म्हणजे एकीला! अगदी आपल्यासारखंच. बोटही तेच वर करायचं, करंगळी. मला इतका आनंद झाला, जणू परगावात माहेरचं माणूस भेटलं. छकुलीनं दुसऱ्या दिवशी ओंदक्के इतक्या वेळा वापरला की आयाला तिच्यामागे सहादा पळावं लागलं. लागलेली नव्हती गं, शब्द चालतो का ते पाहत होती.

बेडाची मात्र घरी गंमत झाली. सासूबाई आता नव्वदीच्या घरात, कानानं कमी. छकुलीला भात वाढायला गेल्या तर ही म्हणाली, बेडा. सासूबाई तिसरा डोळा उघडल्यासारख्या: ‘मला वेडा म्हणते? निदान वेडी तरी म्हण!’

आणि तिची पहिली मैत्रीण कोण, तर शेजारच्या गल्लीतली उर्दू बोलणारी मुलगी. तिलाही कानडी येत नाही. आया भाताचा दुसरा डाव घालायला आली तर ती म्हणाली, ‘नक्को.’ छकुलीनं मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं म्हणे! आपल्याच नकोचा दख्खनीत नक्को झालाय, शेकडो वर्षं मराठी शेजारात राहून. त्या दिवसापासून दोघी चिकटून बसतात. चटईवर एक कानडी पोरगा, दोन लमाणी बहिणी, एक तेलुगू बोलणारं बाळसेदार बाळ आणि या दोन नकोवाल्या. टीचर सांगत होत्या, मुलं महिन्याभरात एकमेकांचं बोलू लागतात, मोठ्यांचंच जड जातं.

आता तुला एक कबुलीवजा सांगते, सुनेचं आहे, पण ती रागावणार नाही. पहिल्या दिवशी छकुली खेळण्यांत रमली तशी सून मागच्या मागे निघून आली. सगळ्या बायका तेच सांगतात ना, मूल रमलं की हळूच सटकायचं. छकुलीनं मान वर केली तर आई नाही. त्यानंतर तीन दिवस ती सुनेचा पदर न्हाणीघरातसुद्धा सोडेना. खेळता खेळता दर मिनिटाला मान वळवून बघायची, आहे का, गेली का. टीचरनी मला बोलावून सांगितलं, आज्जी, सटकू नका. पहिले दोन दिवस चटईवर बसा, मग उंबऱ्यात, मग कडुलिंबाखाली. आणि निघताना तिला सांगून निघा, रडली तरी. कधी येणार तेही सांगा, पण घड्याळाचं नको. मी सांगितलं, ऊटा झालं, हात धुतले, की मी दारात. ती रडली, खूप रडली. पण हात धुतले आणि मी दारात होते. दुसऱ्या दिवशी कमी रडली. पाचव्या दिवशी मला म्हणाली, ‘आज्जी, तू झाडाखाली बस, मला काम आहे.’

तू तुझ्या नातवाचं असंच कर. सांगून नीघ.

ही टीचर म्हणजे एक बाई आहे बघ. मुलांना सांभाळणं, शिजवणं, गरोदर बायकांना दुपारचं गरम जेवण, वजनं, लसी, फोनवर पोषण ट्रॅकर भरणं, आणि सरकारला जी काही यादी हवी असेल ती. मानधन तेवढंच बेताचं. गेल्या वर्षी आमच्या या कल्याण कर्नाटकातल्या सरकारी शाळांत बालवर्ग काढायचं ठरलं तेव्हा अंगणवाडीच्या या बायका बेंगळुरूला जाऊन रस्त्यावर बसल्या होत्या. मुलं तिकडे गेली तर अंगणवाडीत उरणार काय? मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं. ज्या बाईनं कडुलिंबापर्यंतचं अंतर मोजून मला मागे सरकवलं, तिला बाजूला सारून तीन वर्षांची मुलं आपण बाकावर का बसवावी?

आपल्या ताराबाई मोडकांचं तुला आठवतं का? आपल्या शाळेतल्या बाई किती सांगायच्या त्यांच्याबद्दल. त्यांनी आणि अनुताई वाघांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला काम केलं. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन भरवली, म्हणून अंगणवाडी. 1975 च्या 2 ऑक्टोबरला देशात 33 ठिकाणी सरकारी योजना सुरू झाली, कर्नाटकात म्हैसूरकडच्या टी. नरसीपूरला, तेव्हा हाच शब्द घेतला. आज कर्नाटकातच जवळजवळ 70 हजार अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या अंगणातून निघालेला मराठी शब्द या कानडी गावात पाटीवर वाचताना मला रोज बरं वाटतं. आणि कानडीत अंगणाला म्हणतात अंगळ. बघ म्हणजे!

सासूबाईंचा हट्ट होता म्हणून मधे बासरला जाऊन आलो. इकडची बरीच माणसं मुलाच्या हाताला पहिलं अक्षर तिथल्या सरस्वतीपुढं धरवतात. पाटीवर हळद-कुंकू, तांदूळ, पुरोहितानं छकुलीचा हात धरून ओम् काढला. मागं एवढी रांग, एवढी गर्दी, एवढी घंटा. छकुलीनं मान वर करून त्यांना विचारलं, ‘ओंदक्के?’ तिथं तेलुगू चालतं, कुणाला कळेना. मीच उचलून पळाले.

आता दिवे लागायची वेळ झाली, पाऊसही येतोसं दिसतंय, लाल मातीचा वास सुटलाय. तुझ्या नातवाला तिकडच्या बाईंपुढं एकीला काय म्हणायचं ते शिकवलंस का? मराठी शब्द सोडू नकोस, पण तिकडचा तेवढा पक्का करून घे, बाकी रंग-बिंग मागाहून येतील. आणि पुढचं पत्र चार ओळींचं आलं तर मी ते उघडणार नाही.

तुझीच

ता. क. छकुली विचारते, तुमच्याकडे शाळेत हालु देतात का? आणि देताना काय म्हणतात?