मोतीचें औषध

आमच्या अंगणांत तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशीं सदाफुलीचीं चार-पांच झाडें आहेत. तीं कुणीं लाविलीं, केव्हां लाविलीं, हें घरांतल्या कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. नागपूरच्या मे महिन्यांत मोगरासुद्धां मान टाकतो आणि माणसें कूलरपुढें दडून बसतात; तेव्हांही हीं झाडें आपलीं गुलाबी फुलें उघडून उन्हांत उभीं असतात. फुकट मिळणाऱ्या वस्तूची जेवढी कदर व्हावयाची तेवढीच त्यांची आमच्याकडे होई. पूजेच्या तबकांत जागा उरली तर दोन फुलें. एरवीं मोतीनें त्यांच्या बुडाशीं माती उकरावी आणि सौभाग्यवतीनें त्याच्यावर ओरडावें, एवढाच काय तो त्यांचा आमच्या संसाराशीं संबंध.

मोती हा आमचा कुत्रा. जातीनें लॅब्रॅडॉर, वृत्तीनें गृहस्थाश्रमी. २०२३ च्या उन्हाळ्यांत, त्याच्या वयाच्या नवव्या वर्षीं, एका सकाळीं त्याचा गळा खाजवीत असतां जबड्याखालीं दोन गाठी माझ्या बोटांना लागल्या. लिंबाएवढ्या, टणक, दाबल्या तरी तो कुरकुरला नाहीं. ‘दांताचें कांहीं तरी असेल’ असें म्हणून मीं आठ दिवस काढले. (स्वतःच्या बाबतींत शिंक आली तरी डॉक्टरकडे धांवणारा मी!) आठ दिवसांनीं खांद्यांपुढें आणि मागच्या गुडघ्यांमागेंही तशाच गाठी हाताला लागल्या, तेव्हां मात्र त्याला गाडींत घालून सेमिनरी हिल्सवर नेलें.

तेथें १९५८ सालीं निघालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. डॉक्टरांनीं गाठींत बारीक सुई घातली, आलेला थेंब कांचेवर पसरला, आणि दुसऱ्या दिवशीं सांगितलें, “लिम्फोमा आहे, लसीकाग्रंथींचा कर्करोग. कांहीं न केलें तर महिना-दोन महिने. इंजेक्शनें दिलीं तर आणखी कित्येक महिने, नशीब असेल तर वर्षभरही. पण मुळापासून जाईल असें मी म्हणणार नाहीं.”

मी म्हणालों, “विचार करून सांगतों.”

ह्या वाक्याचा हिशेब मी अजून करीत आहें. माझ्या थोरल्या भावाची केमोथेरपी मीं पाहिली होती. ओकाऱ्यांनीं गळून गेलेला त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि ज्या जिवाला ‘हें कशासाठीं’ तें समजावून सांगतां येत नाहीं, त्याला त्यांतून नेण्याचा मला काय अधिकार, असें मीं मनाशीं धरलें. हा विचार दयेचा होता कीं भित्रेपणाचा, हें मला तेव्हां निवडतां आलें नाहीं.

अशा वेळीं जें होतें तेंच झालें. कॅलिफोर्नियांतील भाच्याचा फोन आला. “मामा, केमो-बिमो कांहीं नको. इकडे चिनी वनस्पतींच्या गोळ्या मिळतात. आमच्या शेजाऱ्याचा कुत्रा त्यांवर सात महिने जगला.” त्यांत मुख्य द्रव्य युन्झी नांवाची अळंबी; वाळल्या ओंडक्यांवर पंख्यासारखी उगवते आणि चीनमध्यें पिढ्यान्पिढ्या औषधांत वापरतात. ‘हजारों वर्षांचें ज्ञान’, ‘दुष्परिणाम नाहींत’, हे शब्द कानाला किती गोड लागतात! बाटली बारा दिवसांनीं आली. तिच्यावर हिरवळींत धांवणाऱ्या कुत्र्याचें चित्र होतें.

त्याच आठवड्यांत शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. “अहो भाऊजी, हे सदाफुलीचीं पानं वाटून द्या न त्याले! आमच्या घरीं शुगरवाले रोज चावून खातेत बाप्पा!” मीं हंसून तें उडवून लाविलें. समुद्रापलीकडून आलेली पाला-मुळी ती विद्या, आणि कुंपणाजवळची तो अडाणीपणा! माझें शिक्षण हें असें.

गोळ्या तीन आठवडे दिल्या. मोती त्या तुपाच्या घासांतून इमानानें गिळी, आणि गाठी त्याहून इमानानें वाढत. एका रात्रीं त्याला श्वास घेतांना घरघर लागली, तेव्हां मीं प्रथमच त्या अळंबीविषयीं बाटलीबाहेरचें कांहीं वाचावयास घेतलें. २०१२ सालीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील संशोधकांनीं प्लीहेचा रक्तवाहिन्यांचा कर्करोग असलेल्या १५ कुत्र्यांना ती दिली होती, आणि निष्कर्ष आशादायक होते. बाटलीवरील वाङ्मय येथेंच थांबत होतें. पुढें १०१ कुत्र्यांवर, कोणाला खरें औषध आणि कोणाला नुसती पूड हें मालकालाही नकळे आणि डॉक्टरालाही नकळे अशा रीतीनें, मोठी परीक्षा झाली. २०२२ सालीं तिचा निकाल छापून आला. नेहमींच्या औषधाच्या जोडीला अळंबी देऊन आयुष्य वाढल्याचें तींत दिसलें नाहीं. शिवाय तो रोगही मोतीचा नव्हता!

म्हणून चिनी वैद्यकाला हंसावें असें मला वाटत नाहीं. हिवतापावरचें आर्टेमिसिनिन त्याच परंपरेंतल्या एका वनस्पतींतून निघालें, आणि त्याबद्दल तू यूयू ह्या चिनी विदुषीला २०१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यांनीं जुन्या ग्रंथाला नमस्कार करून हात जोडले नाहींत. काढ्यानें गुण येईना तेव्हां उष्णतेनें द्रव्य बिघडतें कीं काय अशी शंका घेतली आणि कमी उष्णतेवर अर्क काढून पाहिला. मीं केवळ नमस्कार केला होता.

दुसऱ्या दिवशीं खालीं मान घालून सेमिनरी हिल्स गांठलें. डॉक्टर रागावले नाहींत. रागावते तर बरें झालें असतें. त्यांनीं चिठ्ठीवर ‘व्हिन्क्रिस्टिन’ लिहिलें. औषध माणसांचेंच, मेडिकल चौकांतल्या दुकानांत मिळालें. दुकानदारानें “पेशंटचें नांव?” म्हणून विचारलें. मी “मोती” म्हणालों. त्यानें “वय?” विचारलें. “नऊ.” त्याचा चेहरा एकदम असा कांहीं कळवळला, कीं “कुत्रा आहे हो” हें सांगतांना मला गुन्हेगारासारखें वाटलें.

शिरेंत सुई नीट बसली आहे ह्याची दोनदां खात्री करून डॉक्टर म्हणाले, “थेंबभर बाहेर सांडलें तर आसपासचें मांस सडतें. आणि हें कशांतून निघतें, ठाऊक आहे? सदाफुलींतून.”

मीं काकूंचा सल्ला त्यांना सांगितला. ते हंसले नाहींत. “पानें वाटून द्याल तर विष द्याल. मणावारी पानांतून गुंजभरसुद्धां हें निघत नाहीं. आणि कुठल्या पानांत किती, कोण सांगणार?” मूळची मादागास्करची ही सदाफुली. जमैकांत तिचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून तिचीं पानें कॅनडांत रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ह्यांच्याकडे आलीं. उंदरांची साखर कांहीं उतरेना; मात्र त्यांच्या रक्तांतल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या. फसलेला प्रयोग त्यांनीं टाकून दिला नाहीं. १९५८ सालीं त्यांनीं त्यांतलें पहिलें द्रव्य जगापुढें मांडलें. व्हिन्क्रिस्टिन हें त्याचेंच धाकटें भावंड. पेशी दुभंगतांना आंत जे सूक्ष्म धागे विणले जातात ते हें विणूं देत नाहीं. पेशी अर्ध्यावर अडकून मरते.

दर आठवड्याच्या त्या फेऱ्यांत एक चहाचा टपरीवाला भेटे. त्याच्या दोरीला काळू नांवाचें रस्त्यावरचें कुत्रें. त्यालाही हेंच औषध, पण रोग निराळा: मीलनाच्या वेळीं कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा अर्बुद. हजारों वर्षांपूर्वीं आशियांतल्या कुठल्याशा एका कुत्र्याच्या अंगांत उपजलेल्या पेशीच अंगावरून अंगावर उड्या मारीत जगभर फिरत आहेत. मूळ कुत्रा मेला, रोग मेला नाहीं! चार इंजेक्शनांत काळू खडखडीत बरा झाला. त्याचा मालक प्रत्येकाला हात जोडीत होता, मलासुद्धां. माझ्या मनांत त्या क्षणीं आनंदाबरोबर जें दुसरें कांहीं आलें त्याचें नांव लिहावयास लाज वाटते.

मोतीच्याही गाठी दहा दिवसांत विरघळल्या. ज्या हालांना मी भ्यालों होतों ते झालेच नाहींत. दोन दिवस जेवण कमी, मग पुन्हां सदाफुलीच्या बुडाशीं उकरणें सुरू. दिवाळींत तो फटाक्यांना भिऊन पलंगाखालीं दडला तेव्हां आम्हांला केवढें बरें वाटलें! जानेवारींत गाठी परत आल्या, आणि ह्या वेळीं औषधाला जुमानीनात. फेब्रुवारीच्या प्रारंभीं तो गेला. वायां गेलेल्या त्या पांच आठवड्यांनीं त्याचे किती दिवस खाल्ले, ह्या माझ्या प्रश्नावर डॉक्टरांनीं केवळ माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पंधरा दिवसांनीं भाच्याचा फोन आला. “मामा, त्या गोळ्यांचा उपयोग झाला का?” त्यानें त्या प्रेमानें, पदरमोड करून पाठविल्या होत्या. मी म्हणालों, “मोती आणखी आठ महिने जगला.” “पाहा, मीं म्हटलें नव्हतें?” तो म्हणाला, आणि मी पुढें कांहीं बोललों नाहीं. एव्हांना तिकडे कुठल्या तरी हवालदिल माणसाला तो सांगत असेल, कीं नागपुरांतला माझ्या मामाचा कुत्रा त्या गोळ्यांवर आठ महिने जगला. त्याला फोन करून सगळें सांगावें असें रोज मनांत येतें. अजून केलेला नाहीं.