धुकं, स्वप्न आणि आवई

1945 साली कोलंबिया कंपनीने काढलेला 'एस्केप इन द फॉग' जेमतेम तासाभराचा आहे. मोठ्या सिनेमाच्या जोडीला दाखवायला असे कमी पैशांतले सिनेमे तेव्हा भराभर निघत. नौदलातली एक परिचारिका (नीना फॉश) युद्धाच्या धक्क्यातून सावरते आहे. तिला स्वप्न पडतं : सॅन फ्रान्सिस्कोचा पूल, दाट धुकं आणि एका माणसाचा जीव घेणारे दोघे. किंचाळून उठते, तर मदतीला धावून आलेला माणूस तोच, स्वप्नात मरणारा! पुढे कळतं की तो सरकारी हेर आहे. गुप्त कागद पूर्वेकडे न्यायची कामगिरी त्याच्यावर येते, शत्रूचे हेर मागे लागतात आणि स्वप्न खरं व्हायला लागतं.

हे स्वप्न म्हणजे लेखकाची पळवाट, हा आक्षेप ठरलेला. तो खोटा नाही. तिला भविष्य कसं दिसलं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. धुकंही पळवाटच; पूल उभारायला पैसे नसले की कठड्याचा तुकडा, एक दिवा आणि धूर एवढ्यावर भागतं. पण पळवाट कुठली सुचते, यालाही अर्थ असतो. युद्धात सामान्य माणसाला खरी माहिती मिळत नाही, धोका मात्र चोवीस तास जाणवतो. अशा वेळी मन उरलेली गोष्ट स्वतःच रचतं. ते रचणं या सिनेमाने स्वप्न म्हणून दाखवलं, एवढंच.

याच्याशी आपल्या वऱ्हाडातल्या दिग्रसचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. इथे ना समुद्र, ना धुक्यातले पूल. खरं आहे, वऱ्हाडात युद्ध आलं ते टंचाईच्या रूपाने, आणि कापूस पिकवणाऱ्या मुलखालाच कापड मिळेना. पण 14 एप्रिल 1944 ची मुंबई आठवावी. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती, शिवाय कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. गाठीच्या पोटात आग कशी धुमसते आणि वरून ओतलेलं पाणी तिथवर कसं पोचत नाही, हे दिग्रसच्या जिनिंगवाल्यांना सांगायला नको. शहरात मात्र जपान्यांनी हल्ला केल्याची आवई उठली. सेन्सॉरने बातमी दाबून धरली आणि जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने ती दुसऱ्या दिवशी सांगून टाकली! आपलं सरकार गप्प आणि शत्रू बोलतोय, अशा वेळी लोकांनी आवईवर विश्वास ठेवला तर त्यांना भोळं कसं म्हणायचं?

यावरही कुणी म्हणेल, आवई खोटी ठरली, सिनेमातलं स्वप्न खरं ठरतं; म्हणजे सिनेमा अंधश्रद्धेलाच खतपाणी घालतो. मला तसं वाटत नाही. नुसत्या स्वप्नाने कुणी वाचत नाही. परिचारिकेला स्वतः उठून त्या पुलावर जावं लागतं. (हेरांची कटकारस्थानं मात्र अगदीच पोरकट आहेत, ते मान्य.)

दिग्दर्शक बड बेटिकर पुढे रँडॉल्फ स्कॉटला घेऊन केलेल्या वेस्टर्न सिनेमांमुळे नावाजला. त्या पंक्तीत हा सिनेमा बसत नाही. पण युद्धकाळातली भीती आतून कशी असते, हे त्या काळच्या पुष्कळ भपकेदार प्रचारपटांपेक्षा इथे जास्त कळतं.