रंगरेषा आणि गोठणरेषा : ट्रॅव्हल ट्रेलरसह शरदातील परतीचा प्रवास

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले आणि पिकअप ट्रकसारख्या दणकट गाडीच्या मागे जोडून ओढत न्यावयाचे चाकांवरील घर होय. ज्यात चालकाची जागा आणि राहण्याची जागा एकाच सांगाड्यात असते ते मोटरहोम आणि ज्याचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यावर टेकतो ते फिफ्थ व्हील, हे या घराचे दोन भाऊबंद असले तरी मुक्कामी पोहोचल्यावर घर उभे करून मोकळ्या गाडीने आसपास हिंडण्याची सोय ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये बेताच्या खर्चात मिळते, आणि म्हणूनच उत्तर अमेरिकेतील निवृत्त जोडप्यांमध्ये त्याचा प्रसार मोठा आहे. उत्तर कॅरोलिना राज्यातील रॅले शहराच्या परिसरात स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी दांपत्याने मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यानापासून घरापर्यंत केलेला परतीचा प्रवास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सरळ मार्गाने हे अंतर साधारण १००० मैल, म्हणजे १६०० किलोमीटर भरते आणि साध्या मोटारीने ते दोन दिवसांत सहज कापता येते. या दांपत्याने मात्र त्याला ऑक्टोबर महिन्याचा बहुतेक भाग दिला. बाहेरून पाहणाऱ्यास जो निव्वळ निवांतपणा वाटेल, तो प्रत्यक्षात दोन गोष्टींच्या हिशेबातून ठरलेला वेग होता, असे या अनुभवावरून दिसते.

त्यांपैकी पहिली गोष्ट म्हणजे पानांचा रंग. महाराष्ट्रात शरद हा पाऊस सरल्यानंतरच्या निरभ्र आकाशाचा आणि पिकून आलेल्या शेतांचा ऋतू असतो व पानगळ शिशिरात येते. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र पाने रंगणे आणि झडणे या दोन्ही घटना शरदातच घडतात. दिवस लहान होऊ लागले की झाडे पानांतील हरितद्रव्याची निर्मिती थांबवतात, आधीपासूनच पानात असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये त्यामुळे उघडी पडतात, आणि मेपलसारख्या झाडांत पानातच अडकलेल्या साखरेपासून अँथोसायनिन ही तांबडी द्रव्ये नव्याने तयार होतात. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गोठणबिंदूच्या खाली न जाणाऱ्या थंड रात्री लाभल्या तर हा तांबडा रंग विशेष खुलतो. ही रंगांची रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून पायथ्याकडे हळूहळू सरकते, त्यामुळे तिच्या चालीने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला ऐन रंगाचा काळ एकाऐवजी अनेक ठिकाणी भेटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गोठण. ट्रेलरच्या भिंतींतून आणि तळातून पाण्याच्या बारीक नळ्या गेलेल्या असतात, व त्यांतले पाणी गोठून प्रसरण पावले की नळ्या, सांधे आणि पंप फुटतात. याच कारणाने उत्तरेकडील अनेक कॅम्पग्राउंड, म्हणजे ट्रेलर आणि तंबूंसाठी आखून दिलेले मुक्कामाचे तळ, ऑक्टोबरच्या मध्यापासून नळ बंद करतात किंवा हंगामच संपवतात. रंगाच्या रेषेमागून अशा रीतीने गोठणाची रेषाही दक्षिणेकडे चालत येत असते. प्रवासी फार लवकर निघाला तर पुढची झाडे अजून हिरवीच असतात आणि फार रेंगाळला तर मागून नळ बंद होत येतात. या दोन रेषांमधल्या पट्ट्यात राहणे, हेच या प्रवासाचे सूत्र होते.

वेगाला तिसरी मर्यादा वाहनाच्या रचनेचीच होती. ट्रकच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर, ज्याला हिच बॉल म्हणतात, ट्रेलरच्या पुढच्या दांड्याची खोबण, म्हणजे कपलर, बसते. तेथे ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पडावा असा नियम आहे, म्हणजे भरलेला ट्रेलर ३००० किलोंचा असेल तर ३०० ते ४५० किलो. हा भार कमी पडला, अर्थात सामान मागच्या बाजूला जास्त झाले, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो; भार जास्त झाला तर ट्रकची पुढची चाके हलकी होऊन वळण आणि ब्रेक यांवरची पकड सुटते. म्हणून भार पुढच्या चाकांकडे वाटून देणारे पोलादी दांडे, ट्रेलरच्या स्वतःच्या विद्युत ब्रेकना चालकाच्या पायाशी जुळवून देणारा ब्रेक कंट्रोलर, आणि जोड निसटलाच तर ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळ्या, ही सर्व सामग्री आवश्यक ठरते. एवढे असूनही थांबण्यास लागणारे अंतर वाढतेच, त्यामुळे महामार्गावर ताशी ६० मैलांच्या आसपास, उजव्या मार्गिकेत राहून जाण्याचा नेम या दांपत्याने सहसा मोडला नाही.

मार्गाची निवडही याच मर्यादांतून झाली. बॉस्टन, न्यूयॉर्क, बाल्टिमोर असा किनाऱ्यालगतचा रस्ता अंतराने जवळचा असला तरी कनेटिकटमधील मेरिट पार्कवे आणि न्यूयॉर्कभोवतीचे अनेक जुने पार्कवे त्यांच्या ठेंगण्या कमानींमुळे ट्रेलरला बंद आहेत, आणि बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यांतून प्रोपेनच्या मोठ्या टाक्या नेण्यास मनाई आहे, तर स्वयंपाक आणि ऊब या दोन्हींसाठी ट्रेलरची भिस्त प्रोपेनवरच असते. त्यामुळे मेनमधून पश्चिमेकडे न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये शिरावयाचे, तेथून कनेटिकट नदीच्या काठाने खाली येणाऱ्या आय-९१ या आंतरराज्य महामार्गाने हार्टफर्ड गाठावयाचे, आय-८४ ने न्यूबर्ग-बीकन पुलावरून हडसन नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनपाशी आय-८१ धरावयाचा, असा आतला मार्ग ठरला. व्हाइट माउंटन्समध्ये कँकमॅगस महामार्ग हा कॉनवे ते लिंकन असा ३४ मैलांचा घाटरस्ता आहे. ट्रेलर तळावर ठेवून तो नुसत्या ट्रकने पाहण्यात ट्रॅव्हल ट्रेलरची मूळ सोय पुरेपूर वापरली गेली. तेथे साखरमेपलची लाली, बर्चचा पिवळा आणि बीचचा तांबूस सोनेरी रंग एकाच उतारावर पाहावयास मिळाला. उलट आय-८१ हा मालवाहू ट्रकांनी गजबजलेला रस्ता असून शेजारून मोठा ट्रक गेला की त्याने ढकललेल्या हवेने ट्रेलर आधी बाहेर लोटला जातो आणि मग आत ओढला जातो, त्यामुळे पेनसिल्व्हेनिया, मेरीलंडची चिंचोळी पट्टी आणि वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे टोक हा टप्पा सौंदर्यापेक्षा सावधगिरीचाच ठरला.

ट्रेलरवाल्यांमध्ये तीन-तीन-तीन नावाचा एक संकेत रूढ आहे : दिवसाला ३०० मैलांहून अधिक जाऊ नये, दुपारी ३ च्या आत मुक्काम गाठावा, आणि एका ठिकाणी किमान ३ रात्री राहावे. यांतला मधला नियम सर्वांत महत्त्वाचा असल्याचे या प्रवासात जाणवत राहिले, कारण ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो आणि ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावणे हे उजेडात करावयाचे काम आहे. जोडलेला ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवावे त्याच्या उलट बाजूला तो वळतो. म्हणून स्टिअरिंग खालच्या टोकाला धरावे, म्हणजे हात ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला ट्रेलरचे मागचे टोक जाते, अशी युक्ती शिकवली जाते. या दांपत्यात चालवण्याचे काम पती करीत आणि मागे उभे राहून दिशा देण्याचे काम पत्नी करीत. ‘अहो, थांबा’ हे शब्द कानी पडताच कारण न विचारता ब्रेक दाबावयाचा, हा त्यांच्यातील अलिखित करार होता, आणि तळावर इतरांच्या जोड्यांचे जे खटके सर्रास ऐकू येतात ते त्यांच्यात का होत नसत, याचे उत्तर बहुधा याच करारात असावे. गाडी लागली की आधी फळ्या ठेवून ट्रेलर आडवा समतल करावयाचा, मग चाकांना अटकाव लावावयाचा, त्यानंतरच ट्रक सोडवावयाचा आणि शेवटी कोपऱ्यांचे टेकू खाली घ्यावयाचे. हा क्रम बदलला तर उतारावर घर आपणहून चालू लागण्याचा धोका असतो.

आतले जीवन तीन टाक्यांभोवती फिरते : वापरावयाच्या पाण्याची, बेसिन व न्हाणीच्या सांडपाण्याची, आणि शौचालयाची. शेवटच्या दोन्ही टाक्या डंप स्टेशन नावाच्या ठरावीक ठिकाणीच रिकाम्या करता येतात, आणि तेथे आधी मैल्याची व मग सांडपाण्याची टाकी सोडण्याची पद्धत असल्याने त्या पाण्याने नळीही धुऊन निघते. वीजही मोजूनच मिळते. ३० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टने जास्तीत जास्त ३६०० वॉट वापरता येत असल्यामुळे विजेची शेगडी, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकाच वेळी चालवले तर वीज तुटते. म्हणून स्वयंपाक बहुतांशी प्रोपेनच्या शेगडीवर होई. पिठले-भात, थालीपीठ, कुकरमधली आमटी हे पदार्थ थोड्या भांड्यांत आणि थोड्या पाण्यात होत असल्याने या घराला चांगलेच मानवले. कोजागरीचे आटीव दूधही त्याच शेगडीवर झाले आणि व्हर्जिनियातील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात बिग मेडोज या उंचावरील विस्तीर्ण कुरणाच्या काठी, अंगावर जाड कोट घालून, ते प्याले गेले. या तळावर विजेची जोडणी नसल्याने दिवे बॅटरीवर चालवावे लागत, आणि जनरेटर तर नेमून दिलेल्या तासांतच लावता येतो.

अशा तळांचा आराखडा योगायोगाने घडलेला नाही. मोटारींच्या चाकांनी माती दाबली जाऊन रेडवुड वृक्षांची मुळे गुदमरतात, हे अमेरिकन वनखात्यातील वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांच्या लक्षात आले होते. एकेरी वाहतुकीचा वळणाकार रस्ता आणि त्याला फुटलेली प्रत्येक मुक्कामाची स्वतंत्र शाखा, ही आज सर्वत्र दिसणारी रचना त्यांनी १९३० च्या दशकात पुढे आणली. त्याच दशकात महामंदीतील बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी योजनेने (१९३३ ते १९४२) देशभर असे तळ, भिंती आणि पायवाटा बांधल्या. परंतु या सार्वजनिक वास्तूंचा इतिहास निर्दोष नाही. शेनँडोआ उद्यान १९३५ मध्ये अस्तित्वात आले तेव्हा शेकडो डोंगरी कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि त्याच उद्यानातील लुइस माउंटन हा तळ १९३९ मध्ये केवळ कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी वेगळा उघडण्यात आला. हे विभाजन १९५० पर्यंत संपुष्टात आले. भारतातून आलेल्या या दांपत्याला ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांस मिळणाऱ्या आजीव पासावर आज अनेक संघीय तळांवर निम्म्या दरात जागा मिळते, त्यामागे रस्त्यांइतकाच या बदललेल्या नियमांचाही वाटा आहे.

आय-८१ सोडल्यानंतर लागलेला, शेनँडोआ उद्यानाच्या कण्यावरून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा असून त्यावर वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे, तर त्याला रॉकफिश गॅप येथे येऊन मिळणारा ब्लू रिज पार्कवे थेट ग्रेट स्मोकी पर्वतापर्यंत ४६९ मैल जातो आणि त्यावर ही मर्यादा सर्वसाधारणपणे ४५ आहे. पार्कवेचे काम १९३५ मध्ये सुरू झाले आणि लिन कोव्ह येथील कड्याला वळसा घालणारा उंच पूल जोडला जाऊन १९८७ मध्ये तो पुरा झाला. मालवाहू वाहनांना येथे प्रवेश नाही. म्हणजे ज्या संथपणाबद्दल महामार्गावर ट्रेलरवाल्याला संकोच वाटतो, तोच येथे कायदेशीर आणि सर्वांचा असतो. बोगद्यांची उंची मात्र आधी तपासावी लागते, कारण स्कायलाइनवरील मेरीज रॉक बोगदा १२ फूट ८ इंचांचाच आहे. दक्षिणेकडे यावे तशी झाडांची जातही बदलत गेली : साखरमेपल विरळ झाला, ट्यूलिप पॉप्लरचा पिवळा, सावरवूडचा गडद तांबडा आणि हिकरीचा सोनेरी रंग आला, आणि सर्वांच्या मागून ओक तपकिरी होऊ लागले. न्यू हॅम्पशायरमध्ये मागे पडलेला रंग व्हर्जिनियाच्या माथ्यावर पुन्हा गाठता आला, याचे कारण उंचीने अक्षांशाची उणीव भरून काढली होती.

मेब्री मिल या जुन्या पाणचक्कीच्या पुढे, फॅन्सी गॅपपाशी पार्कवे सोडून आय-७७ ने खाली उतरणे हा शेवटचा कठीण टप्पा होता. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीच्या चढणी ठेवलेल्या या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापून निरुपयोगी होतात, म्हणून गिअर खाली आणून इंजिनाच्या रोधानेच वेग आवरावा लागतो. पायथ्याशी पिडमाँट या कमी उंचीच्या प्रदेशात आल्यावर झाडे बहुतांशी हिरवी होती, म्हणजे दांपत्याने रंगरेषा मागे टाकली होती.

तरीही ते थेट घरी गेले नाहीत. घरापासून जवळच असलेल्या जॉर्डन तलावाच्या तळावर त्यांनी अखेरचा मुक्काम केला. यामागे भावनेपेक्षा सोय अधिक होती. अनेक अमेरिकन वसाहतींच्या गृहसंघटना दारात ट्रेलर उभा करू देत नाहीत, त्यामुळे तो भाड्याच्या आवारात ठेवावा लागतो, आणि तेथे पाणी किंवा डंप स्टेशन असेलच असे नाही. टाक्या रिकाम्या करणे, पाणी तापवण्याची टाकी रिकामी करून ती प्रवाहातून वगळणे आणि नळ्यांतून पिण्याच्या पाण्याला अपाय न करणारा प्रोपिलीन ग्लायकॉलयुक्त गुलाबी द्रव फिरवणे, ही हिवाळ्याची तयारी तळावरच उरकली, आणि दिवाळीची झाडलोट सुरू करण्याइतका अवधी राखून दांपत्य घरी पोहोचले.

या प्रवासातील निवांतपणा वेळ मोकळा होता म्हणून आपोआप आलेला नव्हता. हिचवरचे वजन, तळांचा हंगाम, बोगद्याची उंची आणि गोठणबिंदू यांचा हिशेब ज्याने आधीच केला आहे, त्यालाच वाटेत थांबण्याची मुभा मिळते. आणि दोघांनी मिळून करावयाच्या प्रवासात त्या हिशेबाइतकीच गरज एकमेकांच्या सूचनेवर तत्काळ विश्वास ठेवण्याची असते.